सत्तरवरचा काटा

"काटा हलला पाहिजे आणि खरं बोलला पाहिजे. बाकी जग खोटं बोललं तरी माझी हरकत नाही," असं काटेवाले म्हणत. दिवसातून इतक्या वेळा म्हणत, की त्यांच्या बायकोने ते ऐकणं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाटे, गॅसच्या टाक्यांवरची मीटरं, डॉक्टरांची रक्तदाबाची यंत्रं, बेकरीच्या भट्टीचे तापमापक, जे जे म्हणून गोल असेल आणि ज्याच्या पोटात काटा असेल ते त्यांच्या दुकानात दुरुस्तीला येई. म्हणजे पूर्वी येई. आता नवीन यंत्रांत काटाच नसतो, आकडे चमकतात, आणि बिघडली की लोक फेकून देतात. त्यामुळे काटेवाले हल्ली सकाळी दुकान उघडत आणि संध्याकाळपर्यंत दमून जात. पन्नाशीत माणूस कामाने दमत नाही, कामाची वाट बघून दमतो.

दुकानाच्या मागच्या जिन्याने वर गेलं की त्यांचं घर. घरात बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि वडील. वडील पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर पहाटे उठून त्यांनी लोकांना पाणी सोडलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी कशाला तरी पाणी सोडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. सध्या गॅलरीतल्या कुंड्यांवर भागत होतं. बायको रोज सकाळी खाली जाऊन दुकान झाडून काढी, काचा पुसे, आणि पुसता पुसता जो काटा वाकडा दिसेल त्याचा मागचा स्क्रू पिळून त्याला जागेवर आणून ठेवी. दुकानात शिरल्याबरोबर गिऱ्हाइकाला वाकडे काटे दिसले तर बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. काटेवाल्यांना याचा पत्ता नव्हता. आपल्या दुकानात यंत्रं आपोआप सुधारतात, इतका आपला हातगुण आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

घराच्याही वरच्या मजल्यावर मालक राहत. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दुसऱ्या शहरात. एके दिवशी मालक जिना उतरून दुकानात आले, ते तान्ह्या मुलाला धरावं तशी एक लाकडी पेटी छातीशी धरून.

"काटेवाले, डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मुलीकडे चाललोय, दोन-तीन महिने लागतील. ही पेटी तुम्ही सांभाळायची."

"काय आहे आत?"

"सिगार."

"तुम्ही सिगार ओढता?" मालकांना जिना चढताना धाप लागते हे काटेवाल्यांनी पाहिलं होतं.

"डॉक्टर ओढू देत नाहीत. मी नुसते सांभाळतो," मालक म्हणाले. "तंबाखूचं पान असतं ते. त्याला ओल लागते. कमी पडली तर चुरा होतो, जास्त झाली तर बुरशी धरते. आत हा स्पंज आहे, त्याच्यातून ओल मिळते. आणि बाहेर हा ओल मोजायचा काटा. हा सत्तरवर पाहिजे. बघा, आत्ता किती आहे?"

पेटीच्या दर्शनी बाजूला पितळी कडं असलेली एक तबकडी बसवली होती. काटा अगदी रेघेवर, सत्तरवर होता.

"माझ्याकडे कायम सत्तर," मालक म्हणाले, आणि मग जाता जाता, चपला सरकवत, खरी गोष्ट बोलले. "तुमचा करार संपतोय. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला जागेसाठी मागे लागलाय. आल्यावर बघू. मला काय, जो माझी वस्तू नीट ठेवील त्याला माझी जागा."

काटेवाल्यांचा चेहरा उतरला आणि लगेच खुलला. मोबाइलवाल्याला मालकांनी सिगार दिले असते तर त्याने ते फ्रिजमध्ये ठेवले असते. इथे प्रश्न काट्याचा होता.

"मालक, काट्याचं काम ना?" ते म्हणाले. "मग झालं म्हणून समजा. निर्धास्त जा."

मालक गेले. काटेवाल्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. काटा सत्तरवर. झाकण तसंच ठेवून त्यांनी एका रक्तदाबाच्या यंत्राची नळी बदलली. काटा सत्तरवर. दुपारी पेटी उन्हाच्या तिरिपेत आली तरी काटा सत्तरवर. मग मात्र ते अस्वस्थ झाले. त्यांनी तबकडी काढून चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली, सोल्डरिंगच्या तापलेल्या लोखंडाजवळ नेली. सत्तर म्हणजे सत्तर. हा काटा नव्हताच, हे काट्याचं चित्र होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने तबकडी होती तशी बसवली असती आणि सुखात राहिला असता. पण अडकलेला काटा दिसला आणि काटेवाल्यांनी हात लावला नाही असं कधी झालेलं नाही. त्यांनी मागचं झाकण उघडलं. आतला बारीक आस गंजून बसला होता. तो त्यांनी तेलाचा थेंब देऊन, फुंकून, चुचकारून मोकळा केला. बरणीत ओलं मीठ घालून तिच्यात तबकडी ठेवली, झाकण घट्ट लावलं. अशा बरणीत काटा पंचाहत्तर दाखवतो, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्याने बरोबर पंचाहत्तर दाखवले. ज्या समाधानाने लोक नातवाचं बारसं आठवतात, त्या समाधानाने काटेवाले नंतर कितीतरी दिवस हा क्षण आठवत.

त्यांनी तबकडी पेटीवर बसवली, झाकण लावलं आणि वाट पाहिली. काटा सावकाश खाली आला. सत्तर ओलांडून, साठ ओलांडून, पन्नासवर येऊन थांबला.

काटेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एक सिगार उचलून हलकेच दाबला. तो करकरला आणि त्याच्या सालीचा एक तुकडा टेबलावर पडला. मालकांकडे कायम सत्तर, आणि आपल्याकडे एका दिवसात पन्नास! काल दुपारभर झाकण उघडं ठेवलं ते आपणच, हे आठवून त्यांनी कपाळावर हात मारला.

समोरच्या बॅटरीवाल्याकडून त्यांनी बाटलीभर शुद्ध केलेलं पाणी आणलं, स्पंज भिजवला, आणि दुकानात धूळ उडते म्हणून पेटी घरी नेऊन बाहेरच्या खोलीत कपाटावर ठेवली. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांना बजावलं.

"ती पेटी उगाच कोणी उघडायची नाही. आत ओल राहिली पाहिजे. आणि काटा सत्तरवर पाहिजे. काही चुकलं तर दुकान मोबाइलवाल्याचं, आणि मी रस्त्यावर."

"आत असतं तरी काय एवढं?" बायकोने विचारलं.

"सिगार."

"अहो, म्हणजे विड्याच ना त्या?"

"विड्या नव्हे. सांभाळायच्या विड्या," काटेवाले थकून म्हणाले. मुलगी कानात फोनच्या गाण्यांची बोंडं घालून जेवत होती. वडिलांना एकूण बोलण्यातला 'ओल' एवढाच शब्द आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवाले दात घासत बाहेर आले, तर काटा सत्तरवर. त्यांनी ब्रश तोंडात तसाच ठेवून दोनदा पाहिलं. एका रात्रीत वीस! स्वतःच्या हातगुणाचा त्यांना पुन्हा एकदा अभिमान वाटला.

तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"काटा?"

"सत्तर."

"बरं," म्हणून मालकांनी फोन ठेवला.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. मालकांनी कधी सिगार कसे आहेत असं विचारलं नाही, दुकान कसं चाललंय असं विचारलं नाही, स्वतःच्या डोळ्यांचंही सांगितलं नाही. "काटा?" "सत्तर." "बरं." काटेवाले कपाटापुढे उभे राहून, काट्याकडे बघून, खरं तेच सांगत. काटा रेघेवरून केसभरही ढळत नव्हता. पेटी उघडून बघण्याचं काही कारणच नव्हतं, आणि उघडायची नाही हा नियम त्यांनी स्वतःच केलेला. घरात एक तरी माणूस तो पाळत होता.

मोबाइलवाला एकदा मुद्दाम दुकानासमोरून गेला. "काय काका, काढायची का आवराआवर?" त्याने हसत विचारलं.

"सत्तर," काटेवाले म्हणाले. मोबाइलवाल्याला काही कळलं नाही, पण तो जरा घाबरला.

असे महिने गेले. आणि एका सकाळी मालक फोनवर नेहमीपेक्षा जास्त बोलले.

"काटा?"

"सत्तर."

"बरं. उद्या येतोय."

काटेवाल्यांनी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि पेटीला जरा पॉलिश करावं म्हणून ती खाली उतरवली. ती त्यांना आठवत होती त्यापेक्षा जड लागली. झाकण उघडायला गेले तर उघडेना. लाकूड फुगून घट्ट बसलं होतं. पातळ सुरी फटीत घालून, गुडघा टेकवून त्यांनी ते उचकटलं, आणि खोलीभर ओल्या गोणपाटासारखा वास पसरला.

स्पंज पाण्यात पोहत होता. सिगार भिजून अंगठ्यापेक्षा जाड झाले होते, आणि त्यांच्यावर पांढरी लव आली होती. काटेवाल्यांनी झाकण खाली करून तबकडीकडे पाहिलं. सत्तर. त्यांनी काचेवर टिचकी मारली. सत्तर. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः दुरुस्त केलेल्या काट्याकडे त्यांनी संशयाने पाहिलं.

"इकडे या सगळे," ते म्हणाले. आवाज चढवण्याचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

वडील गॅलरीतून आले. त्यांच्या हातात झारी होती. काटेवाल्यांनी झारीकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग पुन्हा झारीकडे.

"बाबा, तुम्ही हिच्यात पाणी घालत होतात?"

"घालत नव्हतो. सोडत होतो," वडील म्हणाले. "रोज, थोडं थोडं, वेळेवर. तूच म्हणालास ना आत ओल पाहिजे म्हणून? तू कधी घालताना दिसला नाहीस. म्हटलं, पोरगा विसरतोय."

"पण मग काटा वर जायला हवा होता. नव्वदच्या पुढे जायला हवा होता!"

"जात होता ना मेला," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "रोज सकाळी वर गेलेला असायचा. मी पुसताना तबकडी काढून मागचा स्क्रू पिळून आणत होते जागेवर. पहिल्या दिवशी तर पन्नासवर पडला होता, त्यालाही मीच वर चढवला."

काटेवाले खुर्चीत बसले. "का?"

"आता का म्हणजे? काटा सत्तरवर पाहिजे असं तुम्हीच नाही का म्हणालात?" बायको खरोखरच चकित झाली होती. "दुकानातले तरी कोण ठेवतं सरळ? मीच ना?"

काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या हातगुणाची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. किती भट्ट्या, किती वजनं, किती डॉक्टरांचे रोगी. तो विचार त्यांनी घाईघाईने बाजूला सारला. आज एवढ्यासाठी वेळ नव्हता.

मुलीने कानातली बोंडं काढली आणि फोनवर शोधून वाचून दाखवलं. "बुरशी हलक्या हाताने पुसा. पाणी काढा. मग सिगार सावकाश वाळू द्या. साधारण काही आठवडे."

"मालक उद्या येतायत."

"मग जरा भरभर सावकाश वाळवू," मुलगी म्हणाली आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. पहिल्या सिगारवर तिने गरम वारा सोडला. सिगारची साल फट्कन फाटली आणि पानं केळीच्या सालीसारखी लोंबू लागली. ते यंत्र काटेवाल्यांनी काढून घेतलं.

शेवटी चौघांनी बसून एकेक सिगार मऊ फडक्याने पुसला. बायको पुसताना नाक मुरडत होती, तरी सगळ्यांत छान तिलाच जमत होतं. काटेवाल्यांनी मिठाची बरणी काढून काटा पुन्हा खरा करायला ठेवला. सिगार ठेवायला जागा कुठेच नव्हती, म्हणून गॅलरीतल्या कपडे वाळवायच्या घोडीवर ते ओळीने चिमट्यांना टांगले. दोन्ही बाजूंना मोजे, मध्ये सिगार. वडिलांना तिथे खुर्ची टाकून राखण बसवलं आणि झारी त्यांच्या हातून काढून घेतली.

दुपार कलली. सिगार वाऱ्यावर झुलत होते, चांगले आवळूनही आले होते. काटेवाल्यांनी काटा पेटीवर बसवला. उद्यापर्यंत निभावेल असं त्यांना वाटू लागलं, आणि त्यांच्या बाबतीत असं वाटणं म्हणजे संकटाला दिलेलं आमंत्रणच. खाली रस्त्यावर एक मोटार थांबली.

"अरे, मालक आले," वडील गॅलरीतूनच म्हणाले. "हात करतायत. मीही केला."

"आज?" काटेवाले ओरडले.

"जावई याच बाजूला येत होता, म्हणून आजच आलो," मालकांचा आवाज जिन्यातून येऊ लागला. "वहिनी, गॅलरीत काय वाळत घातलंय हो?"

"मोजे," बायको म्हणाली आणि दोन्ही हातांनी चिमटे ओढू लागली. मुलगी सिगार झेलत होती, काटेवाले पेटीत रचत होते, आणि धाप टाकत मालक दारात येईपर्यंत झाकण लागलं होतं. एक मोजाही आत गेला होता, तो काटेवाल्यांनी शेवटच्या क्षणी ओढून खिशात कोंबला. फाटलेला सिगार सगळ्यांत खाली गेला.

मालक खुर्चीवर बसले. नवीन चष्मा लावला. दुकान, काचा, ओल्या मिठाची बरणी, सगळं काटेवाल्यांना मोबाइलच्या रंगीबेरंगी कव्हरांखाली गेलेलं दिसू लागलं. आपण होऊन सगळं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तोंड उघडलंही.

पण मालकांनी झाकणाला हातच लावला नाही. ते पुढे वाकून काट्याकडे बघत होते. काटा अडुसष्टवर होता. मग सदुसष्टवर आला.

"हा हलतोय," मालक म्हणाले.

"हो, मालक. मी दुरुस्त केला."

"काटेवाले, हा हलतोय." मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही फोनवर सत्तर म्हणत होतात."

"तेव्हा होता सत्तर. म्हणजे होता असं नाही. तो मुळात अडकलेला होता, मालक. आतून गंजला होता. आत ओल नसताना तो नुसता सत्तर दाखवत होता."

"दाखवत होता ना?" मालक म्हणाले. "मग झालं की."

मालकांनी झाकण उघडून एक सिगार चिमटीत धरला, त्याच्या टोकाला चिमट्याची खाच होती. त्यांनी तो उगाच दाबला आणि परत ठेवला.

"मऊ झालेत. पूर्वी हात लावला की भुगा पडायचा," ते म्हणाले. "ते असू दे. सिगारचं काही नाही हो. त्यांचा वासही मला सोसत नाही." मग कोणाकडेही न बघता ते बोलू लागले. "सकाळी उठलो की रक्तदाब बघतो, तो वर गेलेला. साखर बघतो, ती खाली आलेली. वजन उतरतंय. मुलीचा फोन कधी येतो, कधी येत नाही. मग पेटीपुढे जाऊन उभा राहतो. बायको होती तेव्हाही सत्तर, ती गेली त्या दिवशीही सत्तर. घरात हा एकच आकडा होता जो मला कधी घाबरवत नव्हता. तिथे मुलीकडेही रोज तुम्हाला विचारल्याशिवाय चहा प्यायलो नाही. आणि तो तुम्ही बिघडवून ठेवलात."

काटेवाल्यांना वाईट वाटलं. सिगार भिजवल्याचं वाटलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटलं. अडकलेला काटा हा दुरुस्त करायचा असतो, याच्यापलीकडे त्यांनी आयुष्यात कधी विचार केला नव्हता.

"मला तो होता तसा करून द्या," मालक म्हणाले. "जमेल?"

"जमेल, पण मालक, तो खरं सांगणार नाही."

"खरं सांगायला डॉक्टर आहेत. तुम्ही एवढं करा, आणि दुकानाचं काय करायचं ते मग तुम्हीच सांगा. मोबाइलवाल्याला मी बघतो."

काटेवाले तबकडी घेऊन खाली दुकानात गेले. दिवा लावला, मागचं झाकण उघडलं. मोकळा झालेला आस इतका सुरेख फिरत होता, की त्यांना क्षणभर हात घालवेना. मग त्यांनी काटा सत्तरच्या रेघेवर आणला आणि सुईच्या टोकाने त्याच्या बुडाशी चिकटद्रव्याचा एक थेंब सोडला. वाळल्यावर किटलीची वाफ दिली. सत्तर. सोल्डरिंगचं तापलेलं लोखंड जवळ नेलं. सत्तर. इतकं चोख काम त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

करार झाला. पेटी वर गेली. मालकांनी गल्लीत ज्याला त्याला सांगितलं की काटा दुरुस्त करावा तर आमच्या काटेवाल्यांनीच, आणि ते ऐकून दुकानात पुन्हा थोडी गिऱ्हाइकं येऊ लागली. काटेवाल्यांनी बायकोला दुकानातल्या स्क्रूंना हात लावायची बंदी केली. तिने ती लगेच मान्य केली, म्हणजे तिने ऐकली नव्हती.

एके सकाळी ती वर मालकांकडे भाजी द्यायला गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली. काटेवाले एका वजनकाट्यात डोकं घालून बसले होते.

"अहो," ती म्हणाली, "सवयीने म्हटलं त्यांच्या पेटीची काच जरा पुसावी. मागचा स्क्रू पार शेवटपर्यंत पिळला, टिचक्या मारल्या, पण काटा जागचा हलला नाही." तिने समाधानाने फडकं झटकलं. "इतक्या वर्षांत एक काम केलंत बाई नीट."